खांद्याच्या ऑपरेशननंतर व्यायाम किती लवकर सुरू करावा?

गोदातीर

मंडळी, आईच्या उजव्या खांद्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालंय. वय ६३, मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. पावसाळ्यात मागच्या अंगणात शेवाळावरून पाय घसरला आणि ती हातावर पडली. एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसलं, त्यामुळे मुका मार समजून शेक आणि मलम चाललं. पण हात बाजूने वर जाईना, वेणी घालता येईना, रात्री त्या कुशीवर वळली की कळ येऊन जाग यायची. एमआरआय केला तेव्हा रोटेटर कफमधल्या (खांद्याभोवतीच्या चार स्नायूंच्या वेढ्यातल्या) सुप्रास्पायनेटस स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, आरपार फाटलेला निघाला. हाडात अँकर (दोरा अडकवायचा छोटा खिळा) घालून तो हाडाला परत शिवलाय. आता दुसरा आठवडा चालू आहे.

डिस्चार्जच्या कागदावर दोन ओळी आहेत. स्लिंग (हात अडकवायची झोळी) सहा आठवडे. पेंड्युलम (हात लोंबता सोडून झुलवायचा व्यायाम) आणि पॅसिव्ह हालचाली दुसऱ्या आठवड्यापासून. या दोन ओळींवरून घरात दोन तट पडलेत. मावशी म्हणते, "शिवलेलं आहे गं ते, उसवलं तर काय करशील? सहा आठवडे हात पोटाशी ठेव, बोटसुद्धा हलवू नकोस." शेजारचे काका म्हणतात, "माझा हात असाच बांधून ठेवला आणि जाम झाला. मोकळा व्हायला वर्ष गेलं. तुम्ही पहिल्या दिवसापासून हलवा." फिजिओ मॅडम घरी येऊन गेल्या. त्यांनी हात हलकेच उचलला तर आई दुखण्यापेक्षा भीतीनेच रडली, आणि त्या गेल्यावर म्हणाली, "उद्या त्यांना येऊ नका म्हणून सांग."

लवकर हलवल्याने टाके तुटतात का, न हलवल्याने हात कायमचा जाम होतो का, आणि मधुमेहामुळे यात काही फरक पडतो का, हे मला समजून घ्यायचंय. सर्जन चांगले आहेत, पण ओपीडीत इतकी गर्दी असते की हे सगळं विचारायचं राहूनच जातं.

सह्यकडा

काकूंना लवकर आराम पडो. क्रिकेटवाल्यांचं बघा. मार्च २०२१ मध्ये गहुंजेला इंग्लंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात क्षेत्ररक्षण करताना श्रेयस अय्यरचा डावा खांदा सरकला, एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं आणि सप्टेंबरमध्ये तो आयपीएल खेळत होता. इतक्या लवकर हे फिजिओथेरपीशिवाय होणारच नाही. माझं मत, लगेच सुरू करा, अजिबात थांबू नका.

चाफेकळी

गोदातीर, मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑर्थोच्या पेशंटसोबतच माझा बराचसा दिवस जातो. तुमच्या कागदावरच्या दोन्ही ओळी बरोबर आहेत आणि त्यांच्यात भांडण नाही. ते नीट कळलं की मावशींची भीतीही जाईल आणि काकांची घाईही.

आधी आत काय चाललंय ते सांगते. टेंडन हाडाला शिवला म्हणजे तो हाडाला चिकटला असं नाही. आज त्याला धरून ठेवलंय ते फक्त दोऱ्याने आणि अँकरने. आंब्याचं कलम बांधतात तेव्हा सुरुवातीला सगळा भार त्या पट्टीवर असतो, आत जीव नंतर धरला जातो, तसंच हे. पहिला आठवडाभर सूज आणि दाह. मग काही आठवडे नवीन, कच्ची ऊती तयार होते. त्यानंतर महिनोन्‌महिने ती ऊती घट्ट होत जाते. सहाव्या आठवड्याला जोड बऱ्यापैकी धरलेला असतो, पण कच्चाच. बाराव्या आठवड्याच्या आसपास आपण ताकदीचे व्यायाम सुरू करतो ते याच कारणासाठी. पुन्हा फाटण्याच्या बहुतेक घटना पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच घडतात.

आता "हलवणं" म्हणजे काय? हात दोन प्रकारे वर जातो. आईने स्वतःच्या उजव्या हाताच्या जोरावर तो उचलला, तर शिवलेला स्नायू आकसतो आणि टाक्यावर थेट ओढ येते. ही झाली ॲक्टिव्ह हालचाल, आणि ती आज पूर्ण बंद. आई उताणी झोपली, उजवा हात सैल सोडला आणि डाव्या हाताने मनगट धरून तो सावकाश वर नेला, तर तो स्नायू जवळजवळ झोपलेलाच असतो. ही पॅसिव्ह हालचाल. तुमच्या कागदावर हीच लिहिली आहे. स्लिंग सहा आठवडे एवढ्यासाठी, की चालता-बोलता, झोपेत, तोल जाताना हात नकळत आपल्या ताकदीने उचलला जाऊ नये. व्यायामाच्या वेळी स्लिंग काढायची, व्यायाम झाला की परत घालायची.

सह्यकडा, खेळाडूंची उदाहरणं मनाला उभारी देतात हे खरं, पण कृपा करून त्यांचं वेळापत्रक काकूंना लावू नका. खांदा सरकणं हा वेगळा आजार आहे. त्यात हाडाच्या खोबणीची कड आणि अस्तर दुरुस्त करतात. पंचविशी-तिशीतल्या खेळाडूची ऊती वेगळी, आणि साठीच्या पुढे झिजून फाटलेला टेंडन वेगळा. शिवाय खेळाडूलासुद्धा सुरुवातीला स्लिंगमध्येच ठेवतात.

मावशींना एक नक्की सांगा. बोटं, मनगट आणि कोपर हलवायचंच आहे, आणि तेही पहिल्या दिवसापासून. मूठ उघडणं-मिटणं, मऊ चेंडू दाबणं, स्लिंग सैल करून कोपर सरळ करणं. नाहीतर हात सुजतो, बोटं ताठरतात, आणि खांद्याचं दुखणं बाजूला राहून कोपराचं नवीन दुखणं सुरू होतं. फक्त बायसेप्सचा टेंडन सोडवून दुसरीकडे बसवला असेल, तर कोपर स्वतःच्या जोरावर वाकवायला काही आठवडे बंदी असते. कागदावर "बायसेप्स टेनोडेसिस" असं काही लिहिलंय का ते बघा.

गोदातीर

चाफेकळी, खूप खूप आभार. "हलवणं" या एकाच शब्दात आम्ही दोन गोष्टी कोंबत होतो हे आत्ता उमगलं. बायसेप्सबद्दल काही लिहिलेलं नाही. फाटलेल्या भागाचा आकार "मध्यम" असं आहे.

पन्हाळा

माझ्या वडिलांचा अनुभव लिहितो. कुणाला घाबरवायचा हेतू नाही, पण हे वाचलं जावं असं मनापासून वाटतं.

वडिलांचंही हेच ऑपरेशन झालं होतं. महिनाभराने गावी गेले. हात आखडलाय म्हणून नातेवाइकांनी एका चोळणाऱ्याला बोलावलं. त्याने तेल लावून हात धरला आणि वर ओढला. वडिलांना आत काहीतरी तुटल्यासारखं झालं, आणि तेव्हापासून खांद्यात जो थोडा जोर येऊ लागला होता तोही गेला. पुन्हा एमआरआय केला, टेंडन सुटला होता. दुसरं ऑपरेशन पहिल्याइतकं सोपं नसतं, टेंडन आणखी मागे गेलेला असतो. आज त्यांचा हात खांद्याच्या रेषेपर्यंत जातो, त्याच्या वर जात नाही.

त्या माणसाने वाईट हेतूने केलं नाही. त्याने वर्षानुवर्षं आखडलेले हात असेच मोकळे केले असतील. पण आत ताजी शिवण आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. चोळणं, ओढणं, "एकदा कट्ट वाजलं की मोकळा होईल" म्हणणं, हे सगळं ऑपरेशन झालेल्या खांद्यापासून लांब ठेवा.

चाफेकळी

पन्हाळा, हे लिहिलंत ते फार मोलाचं आहे. वडिलांना बळ मिळो. हात खांद्याच्या रेषेपर्यंत येत असेल तर रोजची बरीच कामं जमवता येतात, त्यांचं फिजिओ सोडू नका.

नीलमोहोर

मी लीड्सला असते. माझं स्वतःचं रोटेटर कफचं ऑपरेशन इथेच झालं. तेव्हा अभ्यास शोधून शोधून वाचले होते, कारण माझ्या सर्जनने सहा आठवडे खांदा अजिबात हलवायचा नाही असं सांगितलं होतं आणि पुण्यातल्या माझ्या बहिणीच्या सर्जनने तिला दुसऱ्या आठवड्यात पेंड्युलम दिला होता. दोघींचं टेंडनचं फाटणं सारखं, सल्ला वेगळा. मन फार बेचैन झालं होतं.

वाचून एवढं कळलं की दोन्ही पद्धतींमागे खरा आधार आहे. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६५ वर्षांखालचे १२४ रुग्ण होते, फाटलेला भाग लहान ते मध्यम. अर्ध्यांना लवकर पॅसिव्ह हालचाल, अर्ध्यांना सहा आठवडे पूर्ण विश्रांती. तीन महिन्यांपर्यंत लवकर सुरू केलेल्यांचा हात जास्त वर जात होता. पुढे दोन्ही गट सारखे झाले, आणि टेंडन धरण्याचं प्रमाण एकूण ९२ टक्के होतं, दोन्हीकडे जवळपास सारखंच. २०१२ च्या दुसऱ्या एका चाचणीत ६८ रुग्ण होते. लवकर हालचाल केलेल्यांत ८५ टक्के टेंडन जुळले, उशिरा केलेल्यांत ९१ टक्के. हा फरक इतक्या थोड्या लोकांत योगायोगानेही येऊ शकतो, पण कल कुठे आहे ते दिसतं.

सगळ्यात बोलका मला कोरियातला अभ्यास वाटला, तोही २०१२ चाच. तिथे तुलना होती जोरकस, अमर्याद स्ट्रेचिंग आणि मर्यादित हालचाल यांच्यात. जोरकस गटात ३० पैकी ७ जणांचा टेंडन पुन्हा फाटला, मर्यादित गटात ३४ पैकी ३ जणांचा. यातही संख्या लहान आहे. पण हात "लवकर" हलवणं आणि "जोरात" हलवणं यांत काय अंतर आहे ते मला तिथे कळलं.

म्हणून काकूंच्या बाबतीत माझं मत असं: फाटलेला भाग मध्यम आकाराचा, वय ६३, सर्जनने स्वतः दुसऱ्या आठवड्याची परवानगी दिलेली. मग भिऊन थांबण्याचं कारण नाही. आणि ज्यांच्या सर्जनने सहा आठवडे थांबायला सांगितलंय त्यांनीही वाचून घाबरू नये. माझा हात वर्षाच्या आत पूर्ण वर गेला. फक्त मधले महिने बहिणीपेक्षा अवघड गेले. डोक्यावरून कपडा घालणं, शांपू करणं, सगळ्याला वेळ लागला.

केवडा

+१. माझ्या सासूबाईंचं टेंडन खूप मोठं फाटलं होतं आणि कडेला झिरझिरीत झालं होतं, असं सर्जन म्हणाले. त्यांना सहा आठवडे काहीच दिलं नाही. शेजारणीला दहाव्या दिवशी सुरू केलं म्हणून त्या रोज नाराज व्हायच्या. आत काय सापडलं त्यावर असतं हे.

चाफेकळी

केवडा, अगदी बरोबर. म्हणूनच सर्जनकडून ऑपरेशनची नोट मागून घ्यायची आणि फिजिओला वाचायला द्यायची. गोदातीर, ओपीडीत वेळ कमी मिळतो म्हणालात, तर पुढच्या भेटीला एवढंच विचारा: भाग किती मोठा होता, टेंडनची प्रत कशी होती, शिवताना ओढून आणावा लागला का, आणि सबस्कॅप्युलॅरिस शिवला आहे का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण तो पुढचा स्नायू शिवला असेल तर हात बाहेरच्या बाजूला फिरवण्यावर बरेच आठवडे मर्यादा असते. ही उत्तरं हातात असली की फिजिओला किती अंशांपर्यंत न्यायचं ते ठरवता येतं. सर्जन आणि फिजिओ एकमेकांशी फोनवर दोन मिनिटं बोलले तर त्याहून उत्तम. आपल्याकडे हे फार कमी होतं आणि त्याचा त्रास पेशंटला होतो. मला याचं खरंच वाईट वाटतं.

मधुमेहाचा प्रश्न राहिला. मधुमेह असणाऱ्यांचा खांदा आखडण्याची शक्यता जास्त असते, ऑपरेशन न होताही फ्रोझन शोल्डर त्यांना अधिक होतो. थायरॉइडचंही तसंच. साखर वाढलेली असेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणजे आईच्या बाबतीत दोन्ही बाजूंना ओढ आहे. आखडू नये म्हणून हलवायला हवं, आणि ऊती भरायला वेळ लागणार म्हणून जपायलाही हवं. यावर उपाय थोडं-थोडं, रोज, न चुकता. आणि साखरेकडे या तीन महिन्यांत नेहमीपेक्षा बारीक लक्ष. एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) किती आहे ते फिजिओलाही सांगा.

आता पेंड्युलम. खांद्याच्या शस्त्रक्रियेचे जुने जाणकार, बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने हा व्यायाम ओळखला जातो. फाटलेला सुप्रास्पायनेटस शिवण्याबद्दल त्यांनी १९११ मध्येच लिहिलं होतं. दिसायला इतका सोपा आहे की बहुतेक जण चुकीचा करतात. डावा हात टेबलावर टेकायचा, कमरेतून पुढे वाकायचं, उजवा हात खाली लोंबता सोडायचा. मग हात हलवायचा नाही. कंबर आणि गुडघे हलवून शरीर पुढे-मागे डोलवायचं, हात आपोआप झुलतो. वर्तुळ ताटलीएवढं, त्याहून मोठं नको. मोठी वर्तुळं काढली की शिवलेला स्नायू काम करायला लागतो, हे स्नायूंच्या विद्युत नोंदींत दिसलेलं आहे. आईला चक्कर येत असेल किंवा कंबर दुखत असेल तर हा व्यायाम सोडा, उताणं झोपून डाव्या हाताने उजवा उचलण्याचा करा. त्यातून तेच साधतं.

दुखणं किती चालेल, हा पुढचा प्रश्न येईलच. व्यायाम करताना ताण जाणवणं, थोडं दुखणं ठीक. नंतर तास-दोन तासांत ते पहिल्यासारखं झालं पाहिजे. रात्रभर ठणकत राहिलं, तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं. दात-ओठ खाऊन सहन करायचा हा व्यायाम नाही. फिजिओ येण्याआधी अर्धा-पाऊण तास डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी घेतली तर आईचं अंग सैल राहील. व्यायामानंतर फडक्यात गुंडाळून बर्फ, पंधरा-वीस मिनिटं. गरम शेक सध्या नको.

इंद्रायणी

थोडं वेगळ्या ऑपरेशनबद्दल लिहू का? कारण खांद्याचा प्रश्न तिथेही तोच आहे आणि बायका त्याबद्दल बोलत नाहीत.

माझं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. सगळं लक्ष केमोकडे. खांद्याबद्दल कुणी काही बोललंच नाही आणि मीही विचारलं नाही, कारण खांद्याचं तर ऑपरेशन नव्हतं ना. पण काखेतली कातडी आणि आतली ऊती इतकी ओढली गेली की हात पुढून वर जाईना. पुढे रेडिएशनच्या वेळी हात डोक्यावर घेऊन स्थिर झोपावं लागतं, ते जमेना, तेव्हा धावपळ झाली. मग फिजिओ सुरू झालं आणि सुटका झाली.

नीलमोहोर, तुमच्याकडे यावर काही काम झालंय असं ऐकलं होतं.

नीलमोहोर

हो, इंद्रायणी. इथे प्रॉस्पर नावाची मोठी चाचणी झाली. ब्रिटनमधली १७ केंद्रं, ३९२ स्त्रिया, ज्यांना ऑपरेशननंतर खांद्याचा त्रास होण्याची शक्यता जास्त होती अशा. निम्म्यांना नेहमीची माहितीपत्रकं. निम्म्यांना फिजिओने आखून दिलेला व्यायाम, ऑपरेशननंतर सात ते दहा दिवसांत सुरू केलेला. वर्षाने व्यायामवाल्या गटाचा हात जास्त चालत होता, दुखणं कमी होतं, आणि जखमेच्या तक्रारी किंवा हाताची सूज वाढली नव्हती. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लवकर हलवल्याने हात सुजेल या भीतीने अनेकजणी हात जपत बसतात, त्यांना हे कळायला हवं. तिथे हाडाला शिवलेला टेंडन नसतो, त्यामुळे लवकर सुरुवात करायला जास्त मोकळीक असते. अर्थात ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) असताना किती हलवायचं ते सर्जनच सांगतील.

इंद्रायणी

धन्यवाद. ज्यांच्या घरी असं ऑपरेशन ठरलंय त्यांनी ऑपरेशनच्या आधीच फिजिओची चिठ्ठी मागून घ्या. नंतर आपल्याला सुचत नाही.

गोदातीर

सगळ्यांचे आभार. मावशीला हा धागा वाचून दाखवला. पन्हाळांचा अनुभव ऐकून ती पुन्हा घाबरली होती, पण चाफेकळींनी ॲक्टिव्ह-पॅसिव्ह लिहिलंय ते तिला पटलं. आता तीच आईला "डाव्या हाताने उचल, उजवा सैल सोड" असं सांगते. फिजिओ मॅडम परत येऊ लागल्यात. आईने पेंड्युलमही केला, ताटलीएवढाच.

अजून एक विचारायचं राहिलं. ऑपरेशनच्या दिवशी आईची उजवी पापणी खाली आली होती आणि आवाज घोगरा झाला होता. आम्हाला अर्धांगवायू झाला की काय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी आपोआप गेलं. ते काय होतं? आणि झोपेचं काय करायचं? आडवी झाली की खांदा ठणकतो.

चाफेकळी

मानेच्या बाजूला इंजेक्शन देऊन हाताच्या नसा बधिर करतात, त्याला नर्व्ह ब्लॉक म्हणतात. तिथून जाणाऱ्या इतर नसांवरही औषध पसरलं तर पापणी झुकते, बाहुली लहान दिसते, आवाज बसतो, कधी श्वास थोडा जड वाटतो. औषध उतरलं की हे जातं. भूलतज्ज्ञांनी आधी सांगितलं असतं तर तुमचा जीव टांगणीला लागला नसता. ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय त्यांच्यासाठी: ब्लॉक उतरला की वेदना एकदम उसळते, म्हणून तो उतरायच्या आधीच गोळी घ्यायची असते. ती वेळ नर्सला विचारून ठेवा.

झोप: सपाट गादीवर नको. पाठीमागे उशा रचून अर्धवट बसती करा, आरामखुर्ची असेल तर तीही चालेल. उजव्या कोपराखाली एक उशी किंवा घडी केलेली चादर, म्हणजे दंड मागे लोंबणार नाही. दंड मागे लोंबतो म्हणूनच आडवं झाल्यावर ठणकतं. स्लिंग झोपेतही असू द्या.

कपडे: पुढून उघडणारा सैल गाऊन. घालताना आधी दुखरा हात, काढताना दुखरा हात शेवटी. काख कोरडी ठेवा. पुढे वाकून हात लोंबता सोडला की काख आपोआप उघडते, तेव्हा पुसता येते.

ताप, जखमेतून पाणी किंवा पू, वाढती लाली, पोटरी दुखून सुजणं, धाप लागणं, बोटं बधिरच राहणं, किंवा पन्हाळांच्या वडिलांना झालं तसं आत काही तुटल्यासारखं वाटून जोर जाणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता सर्जनला फोन करा.

रानवारा

वाचतोय. माझ्या आजीचं प्रकरण वेगळं आहे, दंडाचं वरचं हाड मोडलं म्हणून खांद्याचा सांधाच बदलला, रिव्हर्स प्रकारचा (गोळा आणि वाटी यांची अदलाबदल केलेला). तिलाही हेच व्यायाम चालतील का?

चाफेकळी

नाही, रानवारा, तिच्यासाठी वेगळा आराखडा लागतो. रिव्हर्स सांध्यात पहिले जवळजवळ तीन महिने हात पाठीमागे न्यायचा नाही, कारण त्या स्थितीत सांधा निखळण्याची भीती असते. साडी मागे खोचणं, ब्लाउजची मागची हुकं लावणं, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठणं, शौचानंतर त्या हाताने धुणं, हे सगळं त्यात येतं. आजीच्या फिजिओला सांध्याचा प्रकार नक्की सांगा. या धाग्यावरचे व्यायाम तिला देऊ नका.

देवराई

खर्चाबद्दल कुणीच लिहिलं नाही. अनेक मेडिक्लेम पॉलिसींमध्ये डिस्चार्जनंतरचे ६० किंवा ९० दिवसांचे खर्च बसतात, आणि डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याने घेतलेली फिजिओथेरपी त्यात येऊ शकते. पॉलिसीची अट वाचा. सर्जनकडून "फिजिओथेरपी आवश्यक" असं तारखेसह लिहून घ्या, प्रत्येक वेळची पावती ठेवा, फिजिओचा नोंदणी क्रमांक पावतीवर असू द्या. आम्ही लेखी सल्ला उशिरा मागितला म्हणून आधीच्या पावत्या नाकारल्या गेल्या.

आणि ज्यांना रोज फिजिओ परवडत नाही त्यांनी निराश होऊ नका. आमच्या फिजिओने आठवड्यातून एकदा येऊन मला शिकवलं, बाकीचे दिवस मी बाबांचा हात धरला. मध्ये व्हिडिओ कॉलवर त्या बघायच्या.

चाफेकळी

देवराई, हे उत्तम. या टप्प्यात खोलीभर मशिनं लागतच नाहीत. घरच्या माणसाने कसं धरायचं ते शिकून घ्यावं: एक हात कोपराखाली, दुसरा मनगटाखाली, आणि पेशंटचा हात जड लागला पाहिजे. हलका लागला तर समजा तो स्वतः उचलतोय, तिथे थांबा.

गोदातीर

शेवटचा प्रश्न, आईचाच. ती विचारतेय, पोळ्या कधी लाटता येतील? आणि ॲक्टिव्हा?

चाफेकळी

आईंना सांगा, टप्पे असे असतात, आणि प्रत्येक टप्प्याला सर्जनचा होकार लागतो. सहा आठवड्यांनी स्लिंग निघेल. मग डाव्या हाताच्या किंवा काठीच्या मदतीने, पुढे स्वतःच्या ताकदीने हात उचलणं. या काळात कोपर कुशीला टेकवून बसल्या बसल्या भाजी निवडता येईल, लसूण सोलता येईल, चहाचा कप उचलता येईल. पोळी लाटताना दोन्ही हातांनी पुढे दाबावं लागतं, म्हणून ते साधारण तीन महिन्यांनंतर, सुरुवातीला दोन-तीनच, ओटा उंच पडत असेल तर खाली बसून. कणीक तिंबणं त्याच्याही नंतर. भरलेला कुकर, पाण्याची बादली, वरच्या फळीवरचा डबा, यांना चार ते सहा महिने. तोपर्यंत तिखट-मिठाचे डबे आत्ताच कमरेच्या उंचीवर आणून ठेवा, कारण सवयीने हात वर जातोच.

ॲक्टिव्हा तीन महिन्यांच्या आत नको. हँडलचा धक्का आणि तोल जाताना पटकन सावरणं, दोन्ही खांद्यावरच येतं. आधी मागे बसून जाऊ द्या, डाव्या हाताने धरून. उजव्या हाताने ब्रेक घट्ट दाबता येतो का आणि गाडी स्टँडवरून काढता येते का, ते घराच्या आवारात फिजिओसमोर करून बघू दे, मग रस्त्यावर.